कच्च्या तेलाचा टिळा

भाटाला खोटं बोलता येत नाही. एरवी हा त्याचा गुण, पण त्या आश्विनात तो माझ्या घरावरच उलटायची वेळ आली होती.

भाट म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र. त्याचं खरं नाव दीड ओळीचं आहे आणि ते फक्त आमचे प्रमुख मोहरीर सर घेतात, तेही पाहुणे आले की. आमचा यंत्रज्ञ तन्वीर मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे तर कुळी सांगतंय. भाटच की हा!" तेव्हापासून सगळे त्याला भाटच म्हणतात. सरांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी तेही म्हणायला लागले.

भाट रेणूंची कुळी सांगतो. कार्बनचे अणू दोन तऱ्हेचे असतात, साधे आणि किंचित जड. जड अणू शंभरात एखादा. रेणूत तो कुठल्या जागेवर बसलाय हे भाट शोधून काढतो. जिवंत पेशी रेणू बांधते तेव्हा तिच्या सवयी ठरलेल्या असतात, त्यामुळे तिच्या हातचा रेणू ओळखू येतो. ताऱ्यांच्या मधल्या काळोखात मात्र धुळीच्या कणांवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत रेणू तयार होतात. तिथे दोन जड अणू शेजारी-शेजारी बसण्याचं प्रमाण वाढतं. थंडीत माणसं चिकटून बसतात, तसंच. ही बसण्याची तऱ्हा पुढे कोट्यवधी वर्षं सहसा मोडत नाही.

आकाश रिकामं आहे हा आपला गैरसमज आहे. तिथे अल्कोहोल आहे, साखरेचे भाऊबंद आहेत, डांबरात सापडतात तशी कड्यांना कडी जोडलेली संयुगं आहेत. आपल्या यानाने एका काळ्या लघुग्रहावरून चिमूटभर माती आणली, ती ही संयुगं वाचण्यासाठीच. देवगडच्या सड्यावर, उघड्या माळाचा कातळ फोडून, वस्तीपासून दूर ही प्रयोगशाळा बांधली ती त्या चिमटीसाठी. मी इथली तेलाची जाणकार. लघुग्रहाच्या मातीत तेलवालीचं काय काम, असं मला लग्नकार्यात हमखास विचारतात. काम सोपं होतं: जिवंत गोष्टींपासून झालेले रेणू कसे दिसतात हे मला पाठ होतं आणि ते या मातीत नाहीत ना, हे बघायचं होतं.

तेल माझ्याकडे वारशानेच आलं. माझे बाबा, भालचंद्र धुरी, मुंबईपासून आत भर समुद्रात तेलाच्या रिगवर ड्रिलर होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असं त्यांचं आयुष्य गेलं. माझं शिक्षण, आईचं आजारपण, देवगडातलं घर, सगळं त्या तेलावर झालं. मग तेलाचे दिवस संपत आले. बाबा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांची रिगही बंद झाली.

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीत ज्येष्ठांचा सत्कार होता. एकाने सांगितलं, मी शिक्षक होतो. टाळ्या. एक बाई नर्स होत्या. टाळ्या. बाबा उठून म्हणाले, मी तेल काढत होतो. टाळ्या पडल्या, पण कशा, ते सांगायला नको. मागून कोणीतरी पुटपुटलं, "म्हणजे समुद्र तापवणारे हेच." बाबा हसले आणि खाली बसले. त्यानंतर कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "बोटीवर नोकरी होती." मला ते फार लागलं होतं. म्हणून खंडेनवमीला मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले.

आमच्याकडे खंडेनवमीची रीत सांभाळून केलेली होती. भाटाच्या खोलीत फुलाची पाकळीसुद्धा जात नाही. बाहेरच्या खोलीत लाल कापडावर जादा हत्यारं मांडायची: चिमटे, पाने, पेचकस. त्यांना हळदकुंकू आणि झेंडू. नंतर ती साबणाने आणि अल्कोहोलने धुवायची. हळदीच्या आणि झेंडूच्या रेणूंची ओळखही भाटाला आधीच करून दिली होती, चुकून एखादा आत गेलाच तर त्याने सोडून द्यावा म्हणून. आम्ही स्वतःला फार हुशार समजत होतो.

मोहरीर सरांनी बाबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मोठ्याने म्हणाले, "धुरीसाहेब, तुम्ही जमिनीखालून काढलंत, तुमची मुलगी आकाशातून काढतेय. धंदा एकच!" बाबांचा चेहरा असा उजळला की मला सरांच्या पाया पडावंसं वाटलं. काचेपलीकडचा भाट त्यांनी बराच वेळ बघितला. मग आम्ही सगळे पेढे आणायला आत गेलो आणि बाबा हत्यारांपाशी एकटे राहिले.

पुढच्या आठवड्यात मातीचा मुख्य कण भाटाच्या पोटात ठेवायचा होता. आधी कण ठेवायच्या रिकाम्या पेटीची चाचणी झाली, ती स्वच्छ निघाली. मग झाकण आवळताना नेहमीचा पाना सटकला, त्याचा दात उडाला. तन्वीरने जादा पाना घेतला, झाकण आवळलं आणि भाट चालू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धावतच माझ्याकडे आला. "मॅडम, हे बघा. मला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का?"

पडद्यावर पाच कड्यांचा एक रेणू होता. जिवाणू आपली कातडी घट्ट राहावी म्हणून असा रेणू बांधतात. ते मेले, गाळात गाडले गेले, त्याचं तेल झालं, तरी या रेणूचा सांगाडा उरतो. पृथ्वीवरच्या तेलात तो सापडतो, म्हणून तर तेल जिवांपासून झालं असं आपण छातीठोकपणे म्हणतो. आणि तो लघुग्रहाच्या मातीत होता.

मोहरीर सर आले, त्यांनी बघितलं आणि सरळ रडायला लागले. चाळीस वर्षं हा माणूस एकच प्रश्न घेऊन जगला होता: आपण एकटे आहोत का? "शर्वरी," ते म्हणाले, "आता मेलो तरी चालेल बघ." आकार ओळखायला भाटाला वेळ लागत नाही, कुळी सांगायला मात्र तो दिवसच्या दिवस घेतो. कुळी येईपर्यंत थांबावं असं मी म्हणाले. पण मातीचा वाटा परदेशातल्या आणखी दोन प्रयोगशाळांकडेही होता आणि सरांना धीर नव्हता. सोमवारी जगाला सांगायचं ठरलं.

माझं मन काही लागेना. तेलात हा रेणू कधी एकटा येत नाही. त्याचे सोबती कुठे आहेत, म्हणून मी आलेखातली खालची बारीक टोकं चाळायला बसले. आणि एक सापडलं. तो रेणूही पाच कड्यांचा, पण जिवाणूचा नव्हे. तो फुलझाडांपासून येतो. पृथ्वीवर फुलं उमलली ती कालपरवा म्हणावीत इतकी अलीकडे. लघुग्रह साडेचार अब्ज वर्षांचा. तिथे फूल कुठून येणार? मी तन्वीरला हाक मारली.

"झेंडू!" तन्वीरने कपाळावर हात मारला. "मॅडम, नवमीचा झेंडू नडला."

"झेंडू ताजा असतो," मी म्हटलं. "हा शिजलेला आहे. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं उकडल्याशिवाय रेणूला असं रूप येत नाही. हे तेल आहे, तन्वीर. कच्चं तेल."

"इथे? कच्चं तेल?" तो हसायला लागला. बरोबरच होतं. सड्यावर दहा कोसांत कच्च्या तेलाचा थेंब असायचं कारण नव्हतं.

शनिवारी दुपारी भाटाने कुळी सांगितली. पीएचडीच्या वेळी गोळा केलेले तेलाचे शेकडो नमुने मी त्याला कधीच ओळखीचे करून दिले होते. त्याने त्यातला एक अचूक उचलला. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचा गाळ, किनाऱ्यावरची झाडं, समुद्रातलं शेवाळ आणि जिवाणू, मुंबईचा समुद्र, आणि विहिरीचा क्रमांक. ती बाबांच्या रिगची विहीर होती.

मला सगळं एकदम कळलं. आमच्या देवघरात, बाळकृष्णाच्या मागे, खोकल्याच्या औषधाची असते तेवढी एक बाटली आहे. रिगवरच्या शेवटच्या दिवशी बाबांना सोबत्यांनी दिलेली, त्यांच्या विहिरीच्या तेलाची. खंडेनवमीला रिगवर हत्यारांना कुंकू लावलं तर ते वाऱ्यावर उडून जायचं. म्हणून तिथे विहिरीतून आलेलं तेलच अनामिकेने लावायचे. निवृत्तीनंतरही बाबा दर खंडेनवमीला घरातल्या विळीला, पंपाला, माझ्या गाडीला तो काळा टिळा लावायचे. त्या दिवशीही बाटली त्यांच्या खिशात असणार; मी पेढे आणायला गेले होते तेव्हा त्यांनी पान्यालाही लावला होता. हळदकुंकू धुवून निघावं म्हणून वापरलेल्या साबणाने आणि अल्कोहोलने पान्याच्या मुठीच्या खाचांत बसलेलं कच्चं तेल काही निघालं नव्हतं.

आता दोनच वाटा होत्या. "कुठूनतरी काहीतरी आत गेलं" असं मोघम सांगितलं, तर तो कण कायमचा बाद झाला असता. दुसरा तेवढा मोठा कण जगात नव्हता. आणि कोणतं तेल, कुठून आलं, हे नेमकं सांगून त्याचा नमुना दिला, तर भाट तेवढं वजा करून माती वाचवू शकत होता. पण त्यासाठी बाबांचं नाव जगापुढे येणार होतं. ज्या एका जागी त्यांना मान मिळाला, तिथेच. बोटीवर नोकरी होती असं सांगणाऱ्या माणसाला मी आणखी किती लहान करणार होते?

त्या विहिरीचा माझा जुना नमुना कधीच संपला होता, म्हणून मी देवघरातलं तेल चोरायचं ठरवलं. एक थेंब. बाबांना कळू द्यायचं नाही, सरांना सांगायचं की नमुना माझ्या जुन्या कामातला आहे.

रविवारी सकाळी बाबा परसात माडांना पाणी सोडत होते. मी देवघरात गेले, बाळकृष्ण बाजूला केला, बाटली उघडली.

"काय गो, टिळो लावतंस?"

बाबा दारात उभे होते. पाय ओले, हातात पाण्याची नळी.

मी बाटलीचं बूच लावलं. मला खोटं सुचेना. भाटाच्या संगतीत राहून माझंही तेच झालं असावं. मी सगळं सांगितलं. सांगताना रडले. बाबा उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

"म्हणजे माझ्या हातान झाला," ते शेवटी म्हणाले.

"बाबा, तुम्हाला काय माहीत..."

"माका म्हायती नाय, ता खरा. पण हात माझो." त्यांनी नळी बाजूला ठेवली. "आणि तू चोरूक इल्लंस? कशाक?"

"तुमचं नाव यायला नको म्हणून."

बाबांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि उजेडात धरली. ते रागावलेत की दुखावलेत, मला कळेना. मग म्हणाले, "रिगवर एक पद्धत होती आमची. काय चुकला, तर ज्याच्या हातान चुकला तेना पयलो हात वर करूचो. हात वर केलो तेका कोणी काय बोलायचा नाय. लपवल्यान, तर दुसऱ्या हेलिकॉप्टरान घराक. कित्या सांग? चुकीपायी कोण मरना नाय, लपवलेल्या चुकीपायी सगळे मरतत." ते उठले. "सायबाक फोन कर. मी येतंय म्हणान सांग."

कपाटातून त्यांनी रिगवरचा नारिंगी शर्ट काढला. इतक्या वर्षांत तो त्यांनी घातला नव्हता. पोटावर बटण ताणत होतं.

बैठक त्याच दुपारी झाली. मोहरीर सर, तन्वीर, आणि पडद्यावर परदेशातल्या दोन्ही प्रयोगशाळांचे प्रमुख, कारण सोमवारच्या घोषणेला सरांनी त्यांनाही बोलावलं होतं. मी फुलाचा रेणू दाखवला, कुळी दाखवली. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ते मला आजही आठवायला नको वाटतं.

"पण हे आत आलं कसं?" पडद्यावरून प्रश्न आला.

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात वर केला. शाळेतला मुलगा करतो तसा, सरळ, कोपर न वाकवता.

"माझ्या हातान झाला," ते म्हणाले. "मी भालचंद्र धुरी. तेलाच्या रिगवर ड्रिलर होतंय. पान्याक टिळो लावलंय, आमच्या रीतीप्रमाणां. ह्या पोरीक म्हायती नव्हता. तेलाची बाटली आणलंय, लागात तितक्या घेवा."

मी त्याचा इंग्रजीत अनुवाद केला. बाबांनी हात खाली घेतला नव्हता. तो कधी घ्यायचा, हे त्यांच्या पद्धतीत समोरचा सांगायचा.

मोहरीर सर उठले. त्यांच्या आयुष्याची सगळ्यात मोठी बातमी नुकतीच गेली होती. ते बाबांपाशी आले, त्यांचा तो वर केलेला हात दोन्ही हातांनी धरून खाली घेतला आणि म्हणाले, "धुरीसाहेब, उद्या मी जगासमोर तोंडघशी पडलो असतो. वाचवलंत." मग नाक पुसत विचारलं, "बाटलीत किती शिल्लक आहे?"

बाबांना हत्यारांपाशी एकटं सोडल्याबद्दल मला लेखी समज मिळाली, ती रास्तच होती. घोषणा रद्द झाली. त्या पान्याला भाटाच्या खोलीत कायमची बंदी झाली. भाटाला बाबांच्या बाटलीतला थेंब देऊन आम्ही पुन्हा वजाबाकी करायला बसवलं.

आणि वजाबाकी जमेना.

जिवाणूचा रेणू गेला, फुलाचा गेला, शेवाळाचे सगळे गेले. लघुग्रहाची माती स्वच्छ झाली. तिच्यात जिवंत काही नव्हतं. पण मातीतून बाबांचं तेल वजा करताना भाट एका जागी अडखळत होता. कड्या जोडलेले काही थोडे रेणू तेलातही होते आणि लघुग्रहातही, आणि दोन्हीकडे जड अणू शेजारी-शेजारी बसलेले होते. थंडीत चिकटून बसलेले.

प्रथम वाटलं, पेटी घाण झाली. तन्वीरने आठवडाभर पेटी घासली. नवी पेटी आणली, त्यात फक्त बाबांचं तेल घातलं. तेच दिसलं. मग मी जुन्या नमुन्यांतली दुसऱ्या समुद्रांची तेलं घातली. त्यांतही तेच, कुठे कमी, कुठे जास्त.

तेलाबद्दल एक जुना वाद होता. बहुतेक लोक म्हणत, तेल हे मेलेल्या जिवांचं. काही थोडे म्हणत, नाही, ही संयुगं पृथ्वी बनली तेव्हाच आकाशातून आली, जिवांचा काही संबंध नाही. पहिले बरोबर होते. तेल शेवाळाचं आणि झाडांचंच आहे. पण आकाशातून धूळ तेव्हाही पडत होती, आजही पडते, रोज, आपल्या अंगणातसुद्धा. ती समुद्रावर पडली, मेलेल्या शेवाळाबरोबर तळाला गेली, गाळात दबली, त्याच्याबरोबरच शिजली. तेलाच्या कोट्यवधी रेणूंमागे एखादा रेणू सूर्याहूनही म्हातारा आहे. हे कोणी आधी बघितलं नव्हतं, कारण इतक्या स्वच्छ यंत्रात कच्चं तेल घालायचा वेडेपणा कोणीही शुद्धीवरचा माणूस करणार नव्हता. तो आमच्याकडून झाला.

जग हलवणारी बातमी नव्हती ही. पण ती खरी होती, आणि सर म्हणाले की आपण एकटे आहोत का ते ठाऊक नाही, पण आपण पुरते इथलेच आहोत असंही नाही. आम्ही ती सांगितली तेव्हा नमुन्याच्या नावाच्या जागी आम्ही "धुरी तेल" असं लिहिलं. आता जगातल्या प्रयोगशाळा आपलं यंत्र जुळवायला आमच्याकडे धुरी तेल मागतात. थेंबभर.

मी बाबांना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते माडाच्या आळ्यात पालापाचोळा टाकत होते.

"म्हणजे मी तीस वर्सां जा काढलंय, तेच्यात आभाळ होता?"

"थोडं. फार थोडं."

"थोडा तर थोडा." त्यांनी हात झटकले. "तेना आमका पोसल्यान. तुझ्या आयशीची औषधा दिल्यान, तुका शिकवल्यान. लोक कायव बोलांदेत, मी तेका वायट म्हणूचंय नाय." मग जरा थांबून ते म्हणाले, "जळला ता वायट झाला. पण तेचो काय दोष."

वसाहतीत आता कोणी विचारलं तर ते सांगतात, तेल काढत होतो. आणि ऐकणारा सापडला की आकाशातली धूळही सांगतात, माझ्यापेक्षा पुष्कळ लांबवून.

या वर्षीची खंडेनवमी आली. प्रयोगशाळेच्या दारावर मोठी पाटी होती: फुलं नाहीत, कुंकू नाही, तेल नाही. बाबा आले ते दोन्ही हात पाठीमागे बांधून, काही चुकून लागायला नको म्हणून. भाटाला त्यांनी काचेबाहेरूनच मान वाकवून नमस्कार केला.

तन्वीरने आतून एक लाकडी पाट आणला. पाटावर तो पाना होता.

"काका," तो म्हणाला, "हा आता कधीच आत जाणार नाही. आम्ही याला बाद करून टाकलाय. म्हणजे हा तुमचा. याला लावा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. मग बाबांनी माझ्या गाडीला टिळा लावायला आणलेली बाटली खिशातून काढली, अनामिकेवर थेंब घेतला आणि पान्याच्या मुठीवर, त्या खाचांवर, टिळा लावला. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

बोटावर थोडं तेल उरलं होतं. ते पुसायला त्यांनी रुमाल काढला.

त्या दिवशी दुपारी भाटाच्या खोलीत माझं काम होतं, महिनाभर आधी ठरलेलं. कपाळाला तेल लागलं तर दोन दिवस मला कोणी त्या दाराच्या जवळही फिरकू दिलं नसतं.

"बाबा," मी म्हटलं, "पुसू नका."

आणि मी कपाळ पुढे केलं.